तारेतल्या गोंगाटाशी झुंजणारा गणिती : ऑलिव्हर हेविसाइड



संगणकाच्या पडद्याला जोडलेली जाड केबल तुम्ही सर्वांनी पाहिली असेल. त्यातल्या काही केबलींच्या टोकाशी बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे असे एक फुगीर नळकांडे असते. हे कशाला, असे मुले आम्हांला नेहमी विचारतात. कोणी म्हणतो आत बॅटरी आहे, कोणी म्हणतो वजनासाठी लावले आहे. खरे म्हणजे त्यात फेराईट नावाच्या काळ्या, ठिसूळ चुंबकीय पदार्थाची एक पोकळ नळी असते आणि केबल तिच्यामधून ओवलेली असते. तारेवरून नको असलेल्या विद्युत लहरी ये-जा करतात, त्यांना अडवायचे आणि हवा तो संदेश मात्र सुखरूप जाऊ द्यायचा, एवढेच तिचे काम. घरात मिक्सर सुरू झाला की रेडिओवर खरखर येते ना? तशीच खरखर संगणकाच्या तारांवरही येत असते, आणि ती गाळून काढणाऱ्या अनेक फिल्टरांपैकी हा अगदी साधा फिल्टर.

तारेवरचा गोंगाट कसा आवरायचा, हा प्रश्न संगणकाइतका नवा नाही. तो तारायंत्राइतका जुना आहे. त्याचे गणित ज्यांनी पायापासून मांडले, त्या ऑलिव्हर हेविसाइड यांचे चरित्र या अंकात सांगण्याचे आम्ही योजले आहे. ते शाळेत सोळाव्या वर्षापर्यंतच शिकले. त्यांना कानाने कमी ऐकू येत असे. आयुष्यात त्यांनी नोकरी केली ती जेमतेम सहा वर्षे. तरीही आज जगातील प्रत्येक विद्युत अभियंता रोज त्यांचे शब्द वापरतो.

बालपण

ऑलिव्हर यांचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅमडेन टाउन या वस्तीत झाला. वडील थॉमस हे लाकडावर चित्रे कोरणारे कारागीर होते. त्या काळी वर्तमानपत्रांतील चित्रे अशा लाकडी ठशांवरून छापली जात. पुढे छायाचित्रणाची कला आली आणि या कारागिरांचे दिवस फिरले. चार मुलगे, तुटपुंजी मिळकत आणि गजबजलेली वस्ती, असा तो संसार होता. आई घरीच मुलींची एक छोटी शाळा चालवीत असे. लहानपणी ऑलिव्हरला लाल ज्वर झाला. त्यातून तो वाचला, पण कान अधू झाले. गल्लीतल्या मुलांचे बोलणे नीट ऐकू येईना, त्यामुळे खेळात रमणे जमेना. एकटे राहण्याची सवय त्याला तेव्हापासून लागली ती कायमची.

शाळेत मात्र तो हुशार होता. १८६५ मध्ये पाचशेहून अधिक मुलांनी दिलेल्या एका परीक्षेत तो पाचवा आला आणि विज्ञानात त्याला पहिले बक्षीस मिळाले. गंमत अशी की, भूमितीत त्याला फारच कमी गुण पडले. युक्लिडची प्रमेये पाठ करून जशीच्या तशी उतरवून काढणे त्याला मनापासून नावडत असे. मित्रांनो, यावरून भूमितीचा अभ्यास सोडून देऊ नका! पण एका विषयात मागे पडलेला मुलगा त्याच गणितशास्त्राच्या दुसऱ्या दालनात जगाला मागे टाकू शकतो, एवढे ध्यानात ठेवा.

पैशांअभावी सोळाव्या वर्षी शाळा सुटली. मात्र घराण्याला एक मोठा आधार होता. ऑलिव्हरच्या मावशीचे यजमान म्हणजे प्रसिद्ध शास्त्रज्ञ सर चार्ल्स व्हीटस्टन. इंग्लंडमध्ये तारायंत्र आणणाऱ्या दोघांपैकी ते एक. तुमच्या प्रयोगशाळेत ज्या जोडणीला व्हीटस्टन सेतू म्हणतात, ते हेच. या काकांच्या सल्ल्याने ऑलिव्हर घरी बसून मोर्स लिपी शिकला, जर्मन आणि डॅनिश भाषा शिकला. घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना, एका भाषेपुरते न राहण्याचा फायदा वेगळा सांगायला नकोच.

तारायंत्राची नोकरी

ऑलिव्हरचा थोरला भाऊ आर्थर न्यूकॅसल येथे तारखात्यात होता. त्याच्याजवळ काही काळ काम शिकून ऑलिव्हर १८६८ मध्ये डेन्मार्कला गेला. इंग्लंड आणि डेन्मार्क यांच्यामध्ये समुद्राच्या तळाशी नवी तार टाकली गेली होती. तिच्या डॅनिश टोकाकडील फ्रेडेरिसिया गावी तो तारयंत्रचालक झाला. तो काळच तारांचा होता. १८६६ मध्ये युरोप आणि अमेरिका कायमचे जोडले गेले होते, आणि १८७० मध्ये आपली मुंबईही समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली.

समुद्री तारेचे एक मोठे दुखणे होते. इकडून कळ दाबून सोडली की टिंबाचा छोटा, नेटका ठोका निघे. पण पलीकडे पोहोचेपर्यंत तो पाण्यात पडलेल्या शाईच्या थेंबासारखा पसरून जाई. एका ठोक्याची शेपटी पुढच्या ठोक्यात मिसळे आणि सगळा गोंधळ होई. १८५८ मध्ये अटलांटिक महासागरातून पहिली तार टाकली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा निरोप जायला सोळा तासांहून अधिक वेळ लागला. संदेश नीट वाचता येईना म्हणून तारेत जास्त दाबाची वीज सोडण्यात आली, आणि ती तारच काही आठवड्यांत निकामी झाली. मोठ्याने ओरडल्याने गोष्ट स्पष्ट होत नाही, हा धडा तेव्हा मिळाला होता.

तरुण हेविसाइड काम करता करता पाहत होते. त्यांच्या लक्षात आले की, त्याच तारेवरून एका दिशेने संदेश वेगाने पाठवता येतात, पण उलट दिशेने पाठवताना वेग कमी ठेवावा लागतो. तार एकच, मग असे का? बाकीच्यांनी हे तारेचे लहरीपण म्हणून सोडून दिले. हेविसाइड यांनी पुढे त्याचे गणित मांडले. पाण्याखालची तार आणि तिच्या दोन टोकांना जोडलेल्या जमिनीवरच्या तारा सारख्या नसल्या, तर असे होणारच, हे त्यांनी दाखवून दिले.

१८७३ मध्ये व्हीटस्टन सेतूवरील त्यांचा लेख एका नामवंत शास्त्रीय मासिकात छापून आला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची दखल घेतली. पदवी नसलेल्या तारबाबूला हा केवढा मान! त्याच वर्षी मॅक्सवेल यांचा वीज आणि चुंबकत्वावरील तो महाग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला होता. हेविसाइड यांनी तो चाळला आणि त्यातले फारसे काही कळले नाही. पण यात फार मोठे काहीतरी आहे, एवढे मात्र कळले. १८७४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, आईवडिलांच्या घरी परतले आणि अभ्यासाला बसले. त्यानंतर त्यांनी कधीही नोकरी केली नाही.

बंद खोलीतील तप

लंडनच्या त्या घरात त्यांनी एक खोली घेतली. दारे-खिडक्या बंद, आत दिव्याचा आणि तंबाखूचा धूर, आणि टेबलावर मॅक्सवेल. जेवणाचे ताट घरची माणसे दाराबाहेर ठेवून जात. आवश्यक ते उच्च गणित त्यांनी एकट्याने शिकून घेतले. १८७९ मध्ये मॅक्सवेल वारले. त्यांचा सिद्धांत समजणारे त्या वेळी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

मॅक्सवेल यांनी आपला सिद्धांत सुमारे वीस समीकरणांत मांडला होता. हेविसाइड यांनी १८८४-८५ च्या सुमारास सदिश गणिताचा उपयोग करून त्याचे सार चार समीकरणांत आणले. आज महाविद्यालयात मॅक्सवेलची समीकरणे म्हणून जी चार समीकरणे शिकवतात, त्यांचे रूप हेविसाइड यांनी घडवलेले आहे. जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनीही स्वतंत्रपणे तसाच प्रयत्न केला, आणि हेविसाइड यांचे काम आपल्या आधीचे असल्याचे मोकळेपणाने मान्य केले. खऱ्या विद्वानाचे हे लक्षण आम्हांला फार भावते.

शेजारच्या तारेचे बोलणे

१८७६ मध्ये टेलिफोन आला आणि गोंगाटाचा प्रश्न एकदम दारात येऊन उभा राहिला. तारायंत्राच्या तारा खांबांवरून शेजारीशेजारी धावत. त्यांच्याजवळून टेलिफोनची तार नेली की फोनमध्ये माणसाच्या आवाजाबरोबर शेजारच्या तारेवरची टकटकही ऐकू येई. १८८४ मध्ये लंडनच्या ग्रेज इन रोडवर तर कमालच झाली. तारायंत्राच्या तारा रस्त्याखाली लोखंडी नळांत पुरलेल्या होत्या आणि टेलिफोनच्या तारा घरांच्या वर सुमारे ८० फुटांवर होत्या. तरीही खालचे संदेश वरच्या फोनमध्ये ऐकू येत होते.

असे का व्हावे? तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. वीज कमीजास्त झाली की ते क्षेत्रही कमीजास्त होते आणि शेजारच्या तारेत स्पर्शाशिवाय वीज उत्पन्न करते. यालाच प्रवर्तन म्हणतात. समांतर तारांमधील या प्रवर्तनावर हेविसाइड यांनी १८८१ मध्ये सविस्तर लेख लिहिला. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८८० मध्ये, त्यांनी एका केबलीचे पेटंटही घेतले होते. एक तार मध्यभागी, तिच्याभोवती विद्युतरोधक थर आणि त्याभोवती दुसरा वाहक नळीसारखा. वीज आतल्या तारेतून जाते आणि बाहेरच्या नळीतून परत येते. दोन्हींची चुंबकीय क्षेत्रे बाहेरच्या जागेत एकमेकांना खोडून टाकतात. त्यामुळे ही केबल शेजाऱ्याला त्रास देत नाही आणि शेजाऱ्याचा त्रास घेतही नाही. आज तुमच्या घरी डिशच्या छत्रीपासून टीव्हीपर्यंत येणारी कोॲक्सियल केबल ती हीच. १८८० च्या त्या पेटंटातून हेविसाइड यांना काहीही मिळकत झाली नाही. काळच अजून त्या केबलीपर्यंत पोहोचला नव्हता. १९५६ मध्ये अटलांटिक महासागरातून टेलिफोनची पहिली केबल टाकली गेली, ती कोॲक्सियल होती.

याच सुमारास, १८८१ मध्ये, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी दुसरा एक उपाय शोधला होता. जाणारी आणि येणारी अशा दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या. मग बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखा बसतो आणि पलीकडे दोन्हींतला फरक घेतला की तो वजा होऊन जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

प्रीससाहेबांशी वाद

आता या चरित्रातील मुख्य प्रसंगाकडे येऊ. इंग्लंडच्या टपालखात्यात विल्यम प्रीस नावाचे बडे विद्युत अधिकारी होते. कामात कुशल, सभेत वजनदार, वर्तमानपत्रांत नाव असलेले. तारेत वीज बदलू लागली की तिच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या बदलाला जो विरोध होतो, त्याला स्वयंप्रवर्तन म्हणतात. प्रीस यांचे ठाम मत होते की, हे स्वयंप्रवर्तन टेलिफोनचे शत्रू आहे, तेवढे कमी करावे म्हणजे आवाज स्पष्ट येईल. वरवर पाहता ते पटण्यासारखेही होते. जे विरोध करते ते काढून टाकावे, हा विचार कोणालाही सुचेल.

हेविसाइड यांचे गणित नेमके उलट सांगत होते. त्यांनी दाखवले की तारेचे गुणधर्म चार असतात. तारेचा रोध, तारेतून बाहेर होणारी गळती, वीज साठवून धरणारी धारिता आणि स्वयंप्रवर्तन. संदेशाची लहर तारेवरून जाते तेव्हा तिची अर्धी ऊर्जा विद्युत क्षेत्रात आणि अर्धी चुंबकीय क्षेत्रात असावी लागते. रोध चुंबकीय वाटा खातो आणि गळती विद्युत वाटा खाते. समुद्री किंवा जमिनीखालच्या केबलीत रोध फार आणि गळती थोडी, म्हणून एकच बाजू झिजते आणि लहरीचा आकार बिघडतो. उंच स्वर वेगळ्या वेगाने जातात, खालचे स्वर वेगळ्या वेगाने, आणि पलीकडे पोहोचते ती नुसती घरघर. पण रोधाला स्वयंप्रवर्तनाने भागून येणारी संख्या आणि गळतीला धारितेने भागून येणारी संख्या या जर समान झाल्या, तर दोन्ही बाजू सारख्याच झिजतात. लहर पलीकडे पोहोचेपर्यंत क्षीण होते, पण तिचा आकार जशाचा तसा राहतो. आणि ही समानता साधण्याचा उत्तम मार्ग म्हणजे स्वयंप्रवर्तन वाढवणे! तारेत ठरावीक अंतरावर तांब्याच्या तारेची वेटोळी बसवा, असे त्यांनी १८८७ मध्ये सुचवले.

ज्याला सगळे शत्रू म्हणत होते, त्याला हेविसाइड यांनी मित्र ठरवले. यात प्रीस यांचे मत खोटे पडत होते. हेविसाइड यांनी भाऊ आर्थर यांच्यासह टेलिफोनवर एक निबंध तयार केला होता. आर्थर टपालखात्यात नोकरीला, म्हणजे प्रीस यांच्या हाताखाली. खात्याच्या परवानगीशिवाय निबंध छापता येत नव्हता आणि प्रीस यांनी ती परवानगी दिली नाही. हेविसाइड ज्या साप्ताहिकात वर्षाला सुमारे ४० पौंडांवर लेख लिहीत, तेथील त्यांना जपणारे संपादकही त्याच वर्षी गेले आणि नव्या संपादकांनी ती लेखमाला बंद केली. भाऊ नोकरीने बांधलेला, लेखणीची जागा गेलेली, पदवी नाही, पद नाही. सदतीस वर्षांचा हा माणूस त्या वेळी अगदी एकटा पडला.

आणि मग चक्र फिरले. १८८८ मध्ये जर्मनीत हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी तारांवरील लहरींचे प्रयोग केले आणि हेविसाइड यांचे गणित त्यांना पटले. जानेवारी १८८९ मध्ये सर विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणून भाषण करताना हेविसाइड यांच्या कामाचा जाहीर गौरव केला. समुद्री तारेचा पहिला सिद्धांत खुद्द थॉमसन यांचा होता आणि हेविसाइड यांनी त्यात सुधारणा केली होती. आपल्या सिद्धांतातील उणीव दाखवणाऱ्या अनोळखी माणसाची पाठ थोपटणे सोपे नसते. १८९१ मध्ये हेविसाइड यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

श्रेय एकाला, संपत्ती दुसऱ्याला

मान मिळाला, पण वेटोळी बसवण्यास इंग्लंडचे टपालखाते पुढे आले नाही. प्रीस १८९२ मध्ये खात्याचे मुख्य अभियंता झाले. हेविसाइड यांनी कल्पना उघडपणे छापली होती, तिचे पेटंट घेतले नव्हते. अमेरिकेत मात्र दोघांनी हे काम उचलले. एक अमेरिकन टेलिफोन कंपनीतील जॉर्ज कॅम्पबेल आणि दुसरे कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मायकेल प्युपिन. वेटोळी किती अंतरावर बसवायची, याचे गणित दोघांनी स्वतंत्रपणे पुरे केले. पेटंट १९०० मध्ये प्युपिन यांना मिळाले आणि टेलिफोन कंपनीने ते विकत घेतले. प्युपिन यांना त्यातून लाखो डॉलर मिळाले. हेविसाइड यांना काहीच मिळाले नाही. १९१५ मध्ये न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला बोलता येऊ लागले, त्या तारेवर अशीच वेटोळी बसवलेली होती.

पण या वेटोळ्यांची कथा येथे संपत नाही. कॅम्पबेल यांच्या ध्यानात आले की, वेटोळी ठरावीक अंतरावर बसवली की एका मर्यादेपर्यंतच्या वारंवारतेच्या लहरी सुखाने जातात आणि तिच्या वरच्या लहरी जवळजवळ अडून राहतात. म्हणजे वेटोळी लावलेली तार ही आपोआप एक गाळणीच झाली! मग त्यांनी वेटोळी आणि धारक मुद्दाम जुळवून हव्या त्या लहरी सोडणाऱ्या आणि नको त्या अडवणाऱ्या गाळण्या तयार केल्या. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल व्हिली वाग्नर यांनी स्वतंत्रपणे हा शोध लावला. आज ज्याला आपण फिल्टर म्हणतो त्याचा जन्म असा झाला. तो हेविसाइड यांच्या वेटोळ्यांच्या पोटी झाला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

काही वर्षांपूर्वी घरोघरी टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड येत असे, तेव्हा फोनजवळ एक छोटी डबी लावत असत. तिला स्प्लिटर म्हणत. बोलण्याच्या मंद लहरी फोनकडे आणि इंटरनेटच्या वेगवान लहरी मोडेमकडे वेगळ्या करणारी ती गाळणीच होती. पालकांना ती आठवत असेल. मौजेची गोष्ट अशी की, ज्या तारांवर जुनी वेटोळी बसवलेली होती, त्यांच्यावर ब्रॉडबँड चालत नसे. ब्रॉडबँडच्या वेगवान लहरी ती अडवून ठेवत, म्हणून आधी ती काढावी लागत. बोलण्याला उपकारक ठरलेली वस्तू नव्या कामाला अडथळा झाली. गाळणी चांगली की वाईट, हे आपल्याला तिच्यातून काय न्यायचे आहे त्यावर ठरते.

आजच्या वेगवान तारा

आता संगणकाकडे वळू. २००० साली आलेल्या यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीत तारेवरून सेकंदाला ४८ कोटी अंक जाऊ शकतात. एवढ्या वेगाने वीज बदलली की तार आकाशवाणीच्या खांबासारखी वागू लागते. ती स्वतः लहरी बाहेर फेकते आणि बाहेरच्या लहरी आत ओढून घेते. मोबाईल फोन, मोटारी, दिव्यांचे चोक, सगळ्यांचा गोंगाट तिच्यावर येऊन बसतो. तो गाळावा तर सरळ फिल्टर लावून चालत नाही. कारण येथे संदेशही वेगवान आणि गोंगाटही वेगवान. जो फिल्टर वेगवान लहरी सरसकट अडवील, तो गोंगाटाबरोबर संदेशही खाऊन टाकील.

यातून वाट काढली ती अशी. वेगवान संदेश एका तारेवर न पाठवता दोन तारांच्या जोडीवर पाठवतात. एकीवर वीज पुढे जाते तेव्हा दुसरीवर तेवढीच मागे येते. गोंगाट मात्र दोन्ही तारांवर एकाच दिशेने चालतो, हे बेल यांच्या पिळाच्या वेळी आपण पाहिलेच. आता या दोन्ही तारा फेराईटच्या एका कड्याभोवती एकत्र गुंडाळा. संदेशाच्या दोन उलट विजांची चुंबकीय क्षेत्रे कड्यात एकमेकांना खोडतात. संदेशाला तेथे स्वयंप्रवर्तन जवळजवळ जाणवतच नाही, तो सरळ निघून जातो. गोंगाटाची दोन्ही क्षेत्रे मात्र एकाच दिशेची असल्याने त्यांची बेरीज होते. त्याला जबरदस्त स्वयंप्रवर्तनाशी सामना करावा लागतो आणि तो तेथेच अडतो. या रचनेला कॉमन मोड चोक म्हणतात. तांदळाच्या दाण्याएवढे असे चोक संगणकाच्या आत जोडणीच्या भोकांजवळ बसवलेले असतात. केबलीवरच्या फुगीर नळकांड्याचे तत्त्वही हेच. त्यातला फेराईट अडवलेल्या गोंगाटाचा बराचसा भाग थोड्याशा उष्णतेत बदलून टाकतो.

पाहिलेत ना? ज्या स्वयंप्रवर्तनाला प्रीससाहेब तारेतून हद्दपार करू पाहत होते, तेच आज तारेचे राखणदार झाले आहे. ते नुसते वाढवून किंवा कमी करून भागत नाही. ते कोणाला जाणवावे आणि कोणाला जाणवू नये, हे आधी समजून घ्यावे लागते. हेविसाइड यांची शिकवण थोडक्यात हीच होती.

अखेरचे दिवस

१८८९ मध्ये हेविसाइड आईवडिलांसह डेव्हन परगण्यातील पेंटन गावी राहावयास गेले. तेथे १८९४ मध्ये आई आणि १८९६ मध्ये वडील वारले. हलाखी पाहून मित्रांनी रॉयल सोसायटीकडून मदत मिळवून दिली, पण तिला दानाचा वास येतो म्हणून त्यांनी ती नाकारली. अखेर १८९६ मध्ये सरकारने कामाची कदर म्हणून वर्षाला १२० पौंडांचे मानधन मंजूर केले, ते त्यांनी स्वीकारले.

त्यांचे संशोधन चालूच होते. इम्पिडन्स, इंडक्टन्स, कंडक्टन्स हे शब्द त्यांनीच रूढ केले. १९०२ मध्ये एका विश्वकोशातील लेखात त्यांनी सुचवले की, आकाशात उंचावर वीज वाहून नेणारा थर असावा आणि रेडिओच्या लहरी त्याच्या आधाराने पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून जात असाव्यात. अमेरिकेतील आर्थर केनेली यांनीही त्याच वर्षी तसेच मांडले होते. एडवर्ड ॲपलटन यांनी डिसेंबर १९२४ मध्ये प्रयोग सुरू करून तो थर असल्याचे सिद्ध केले.

१९०५ मध्ये जर्मनीच्या गटिंगेन विद्यापीठाने शाळा सोडलेल्या या माणसाला सन्मान्य डॉक्टरेट दिली. १९२२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने फॅरेडे पदक सुरू केले, त्याचे पहिले मानकरी हेविसाइड ठरले. पण तोवर एकांताने त्यांना पोखरले होते. टॉर्की गावातील घरात ते एकटे राहत. गॅसच्या बिलावरून त्यांचे वाद होत, घरातील सामानाच्या जागी मोठाले दगड ठेवलेले असत, आणि गावातील मुले त्यांची टिंगल करीत. एक थोर माणूस आपल्या गल्लीत राहतो, हे त्या मुलांना कोणी सांगितलेच नसावे. १९२५ च्या आरंभी ते शिडीवरून पडले आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. पेंटन येथे आईवडिलांच्या शेजारीच त्यांना पुरले आहे.

आपण काय घ्यावे?

हेविसाइड यांचा हेकटपणा घेऊ नये, असे आम्ही मोकळेपणाने सांगतो. त्यांचे लेखन इतके अवघड आणि त्यांची टीका इतकी बोचरी असे की, पटणारी माणसेही दूर राहत. थोडे सोपे लिहिले असते, थोडे गोड बोलले असते, तर इंग्लंडमधील टेलिफोन कदाचित आधी सुधारला असता. पण त्यांची निष्ठा मात्र जरूर घ्यावी. अधिकारी म्हणतात म्हणून गणित बदलत नाही. आणि गणित बरोबर असेल तर त्याचा कैवार घेणारे थॉमसन आणि लॉज उशिरा का होईना, भेटतात.

ज्यांना प्रत्यक्ष पाहण्याची आवड आहे त्यांनी नेटवर्कच्या टाकाऊ केबलीचा, कशालाही न जोडलेला, वीतभर तुकडा मोठ्या माणसांच्या मदतीने सोलून पाहावा. आत तारांच्या चार जोड्या दिसतील. प्रत्येक जोडीचे पीळ मोजा आणि वहीत लिहा. चारही जोड्यांचे पीळ सारखे निघतात का? नसतील तर का नसावेत? शेजारीशेजारी राहणाऱ्या तारांनी एकमेकींचे बोलणे ऐकू नये, एवढी सूचना आम्ही देतो. उत्तर शोधून विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना दाखवा.